फडात बसलेले पैलवान

तांब्या हातातून सुटला तेव्हाच मला कळलं, हा चुकीच्या डोक्यावर जाणार.

नेम मी आमच्या गावच्या पैलवानावर धरला होता. तो फडाच्या मधोमध, लाल मातीत, मांडी घालून बसला होता. समोर पलीकडच्या गावचा पैलवान, तोही मांडी घालून. कुस्ती खेळायची सोडून दोघं पंगतीला बसल्यासारखे बसले होते. त्यांच्या मध्ये, काठी आडवी टाकून, आमच्या गावचा जुना पैलवान होता. वर्षापूर्वी याच फडात त्याचा पाय मोडला होता. मी फेकायला आणि त्यानं पुढं वाकायला एकच गाठ पडली. पितळेचा तांब्या त्याच्या कानाच्या वर बसला. हलगी बंद होती, त्यामुळं टण्ण झालेला आवाज सगळ्या जत्रेनं ऐकला.

रक्त आलं. आमच्या घराच्या माळवदावर माझ्या अंगाला अंग लावून बसलेल्या बाया एकदम हातभर लांब सरकल्या. माझी जाऊ तर शिडीपर्यंत जाऊन पोचली.

त्यानं डोक्याला हात लावला, हात बघितला. मग तांब्या उचलला, उपडा करून बघितला आणि आमच्या माळवदाकडं तोंड करून म्हणाला, "वैनी, फेकायचाच हुता तर भरून फेकायचा."

जत्रा हसली. मी नाही हसले. तो तांब्या त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, आणि वर्षभर तो त्याच्यासाठी रिकामा का होता तेही त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर मुरुडचं. घराच्या मागच्या भिंतीला लागून तालीम होती आणि भिंतीतली एक वीट निघालेली होती. पोरीच्या जातीनं तालमीत जायचं नव्हतं, पण विटेच्या भोकाला डोळा लावायला कुणाची मनाई नव्हती, कारण कुणाला ते माहीतच नव्हतं. बारा वर्षांची होईपर्यंत ढाक कशाला म्हणतात, घिस्सा कशाला, धोबीपछाड कधी मारायची, हे सगळं मला येत होतं. भाकरी गोल येत नव्हती. मग मला दिलं थेट लोह्याच्या हद्दीला टेकलेल्या या गावात.

सासरी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट आवडली. घराचं माळवद. महादेवाच्या जत्रेचा कुस्त्यांचा फड आमच्या घराला लागून असलेल्या खळ्यावर भरायचा. मातीच्या त्या सपाट धाब्यावर बसलं की सगळा फड पायाखाली. खालच्या माणसांना पैलवानांच्या पाठी दिसतात, वरून दोन्ही खांदे दिसतात. कुणाची पाठ मातीला लागली ते मला पंचांच्या आधी कळायचं आणि मी उठून उभी राहायचे. नवऱ्यापेक्षा माळवद बरं असं मी म्हणत नाही, पण नवऱ्यावरून कुस्ती दिसत नव्हती.

मी सांगते त्या सालच्या आगेमागे दोन गोष्टी झाल्या. पाऊस आला नाही आणि जिल्हा आला. आमचं गाव आधी उस्मानाबादेत होतं, ते लातूर नावाच्या नव्या जिल्ह्यात गेलं. आधी कचेरीच्या कामाला उस्मानाबादेला जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे. आता लातूरला जाऊन, काम न होता, त्याच दिवशी परत येता येऊ लागलं. माणसं खूश होती. विहिरीत घागर बुडत नव्हती, पण वेशीवर नव्या जिल्ह्याची कमान उभी राहिली आणि तिला तोरण बांधलं.

पलीकडचं गाव, म्हणजे नाल्यापलीकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. नाला कोरडा ठाक, तरी त्याला आता फार किंमत आली. आधी कुस्ती असायची गावागावांची. आता ती जिल्ह्याजिल्ह्यांची झाली. पलीकडचे लोक म्हणायचे, तुमचा जिल्हा अजून रांगून राहिला, त्याला दात येऊ द्या. आमचे लोक चिडायचे. मीही चिडायचे, खोटं कशाला सांगू.

गावानं एक पैलवान ठेवायची पद्धत होती. त्यानं काम करायचं नाही, मेहनत करायची, खायचं आणि जत्रेला गावासाठी लढायचं. खुराक गावानं वाटून घेतलेला. एका घराची अंडी, एकाची ज्वारी, वाण्याकडून बदाम. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडं फुटलेलं नाही, म्हणून आमच्याकडं दूध, आणि वार महादेवाचा, सोमवार. माझ्या आईनं दिलेला पितळेचा तांब्या होता. सोमवारी सकाळी त्यात धारोष्ण दूध भरून मी उंबऱ्यावर ठेवायची. पैलवानानं यायचं, दारात उभं राहून, घरच्यांच्या देखत, तोंड न काढता तांब्या संपवायचा. देखत का, तर दूध त्याच्याच पोटात गेलं हे घराला दिसलं पाहिजे. वाटेत त्याच्या बायकोपोरांनी घोट घेतला तर जत्रेत कमी पडेल. असा तो नेम.

जुना पैलवान सहा वर्षं माझ्या दारात सोमवारी उभा राहिला. भला माणूस होता की नव्हता मला माहीत नाही. दूध चांगलं प्यायचा. मी त्याला बोलायचे नाही, तो मला बोलायचा नाही, दूध पिऊन झालं की तांब्या उंबऱ्यावर पालथा घालून जायचा. मग त्या जत्रेत पलीकडच्या पैलवानानं त्याचा पाय धरून पिळला आणि गुडघ्याखाली काड्कन मोडला. आम्ही हरलो. त्याला उचलून तालमीत नेलं, हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या.

पुढच्या सोमवारी मी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, गावच्या पाच पंचांपैकी एक. ते पानाला चुना लावत ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, पैलवान दारात आला का? मी म्हटलं, त्याला उठता येत नाही. मामंजी म्हणाले, मग नेम काय आहे? दारात उभं राहून प्यायचं. दारात आला नाही, दूध नाही.

ते दूध चहात गेलं. तो चहा मीही प्याले. मला त्याची कीव आली असं सांगितलं तर खोटं होईल. मला राग आला होता. हरलेल्या पैलवानाचा मला राग येतो, अजून येतो. दोन सोमवार तसेच गेले आणि मग गावानं नवा पैलवान ठेवला, जुन्याच्याच हाताखाली तयार झालेला. सोमवार त्याला गेला.

चार महिन्यांनी जुना काठी टेकत आला, दारात उभा राहिला. काठीवर का होईना, उभा होता. मामंजी म्हणाले, आता उशीर झाला, सोमवार दुसऱ्याचा आहे. तो तसाच परत गेला. पाय वाकडा जुळला होता. पोटात काही नाही तर हाड काय जुळणार, हे म्हशीलाही कळतं.

मग तो रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला लागला. तेव्हा मीही तिथंच होते. ज्यांनी दुसऱ्याच्या बांधावर कधी पाय ठेवला नाही अशा घरच्या बाया तोंडावर पदर ओढून टोपली उचलत होत्या, मग मी कोण लागून गेले. रस्ता आमच्या गावापासून नाल्यापर्यंत होता. पलीकडून नांदेडवाले त्यांच्या बाजूचा रस्ता करत होते. दोन रस्ते नाल्यात समोरासमोर येऊन थांबले आणि तसेच राहिले, कारण पुलाची फाईल कोणत्या जिल्ह्याची ते ठरेना. लंगडा दिवसभर वाकडा पाय पसरून खडी फोडायचा. त्याला मी लंगडाच म्हणते. तो मला पुढं तांब्यावाली म्हणायला लागला, त्यामुळं फिटंफाट आहे. तेव्हा तो दिसला की मी टोपली दुसऱ्या बाजूला नेऊन टाकायची. हमीच्या कामावर दुपारी दोन्ही गावांची माणसं नाल्यातल्या एकाच बाभळीखाली बसायची. पलीकडचा पैलवान यायचा, आमचा नवा यायचा, लंगडा तर असायचाच. पलीकडच्याचा भाऊ नांदेडला गिरणीत होता आणि गिरणीत संप करून आला होता. संप कसा करायचा ते त्यानं या तिघांना बाभळीखाली शिकवलं, हे नंतर कळलं. पळायचं नाही, मारायचं नाही, बसायचं आणि शिव्या खायच्या.

जत्रा आली. लातूरहून नव्या जिल्ह्याचे एक साहेब जीप घेऊन आले. पुण्याकडचे होते. त्यांना खुर्ची, फेटा, नारळ. सरपंचानं भाषण केलं की आता आपला जिल्हा, आपला फड, आपला पैलवान. भाषणात पाऊस नव्हता. नारळावरच्या लहान कुस्त्या झाल्या. मग हलगी चढली आणि शेवटची जोड मैदानात आली. मी सकाळपासून माळवदावर जागा धरून बसले होते. वर्षभर थांबले होते. मागच्या हारीचा वचपा काढायचा होता आणि आमच्या नव्यानं वर्षभर माझ्याच सोमवारवर मेहनत केली होती. बायांना तहान लागेल म्हणून तांब्या वर नेलेला. तो पहिल्या दोन कुस्त्यांतच रिकामा झाला. त्यात पाणी उरलं असतं तर मी फेकलाच नसता, त्या साली पाणी कोण फेकत होतं.

दोघांनी देवळाकडं तोंड करून नमस्कार केला, माती कपाळाला लावली, एकमेकांच्या पाठीला लावली. हलगी टिपेला गेली. आणि दोघं खाली बसले. लंगडा काठी टेकत आला आणि मध्ये बसला.

साहेबांना वाटलं हा पूजेचा भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सरपंचानंही दोन वाजवल्या.

जावेनं मला विचारलं, पोट दुखून राहिलं का त्यांचं? मी म्हटलं, गप.

मग आमचा पैलवान बोलला. मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ह्याचा सोमवार ह्याला द्या. पाय मोडला म्हणून दूध बंद करायचं न्हाई. तवर आमी उठत न्हाई."

सरपंच खाली वाकून दात आवळून म्हणाला, "आरं, साहेब बसलेत."

"आमी बी बसलोत," पलीकडचा म्हणाला. "आज ह्याचा पाय, उद्या माझा. आमच्या गावालाबी हेच सांगणं हाय."

तिथून जत्रा फुटली. शेंगांची टरफलं, चपला, शिव्या. आमचं खाऊन आमच्यावरच बसता का, असं एकजण छाती बडवून विचारत होता, त्याच्या घरून गेल्या दोन वर्षांत एक अंडं आलं नव्हतं. लोह्याकडून चालत आलेला एक म्हातारा म्हणाला की मी बैल छावणीत सोडून एवढा आलो, बसलेलीच बघायची तर तिथं जनावरं कमी होती का. दोन्ही गावचे लोक त्या दिवशी पहिल्यांदा एकाच बाजूला होते, पैलवानांच्या विरुद्ध. मागच्या साली ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली ते खांद्याला खांदा लावून ओरडत होते. मी त्यांच्यातच होते, फक्त वर होते. मला लंगड्याचा सोमवार दिसत नव्हता. मला दिसत होती आमच्या पैलवानाची मांडी, आणि ती मांडी माझ्या म्हशीची होती. ती घालून बसायला दिली नव्हती.

लहानपणापासून गोफण फिरवून ज्वारीवरची पाखरं उडवलेली, माझा नेम चुकत नसे. पण दोन वर्षं राखायला पीकच नव्हतं. हाताची सवय गेली होती. बाकी तुम्हाला वर सांगितलंच आहे.

ते ऐकून झाल्यावर, "भरून फेकायचा" म्हटल्यावर, मी शिडी उतरले. मागून सासू हाका मारत होती. मला तांब्या परत पाहिजे होता. आईची दुसरी वस्तू माझ्याकडं नव्हती. लोक बाजूला होत गेले, त्यांना वाटलं मी माफी मागायला निघाले. फडाच्या कडेला पोचले तेव्हा लंगड्यानं बसल्या जागेवरून तांब्या पुढं केला. हात पुरेना. उठायला त्याला वेळ लागायचा. मी पाय आत टाकला, तांब्या घेतला, लुगड्याचा काठ फाडून त्याच्या हातात दिला, डोक्याला बांध म्हणाले, आणि मागं फिरले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळी जत्रा माझ्या पायांकडं बघते आहे.

फडाच्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नसतो. मारुतीची माती. बाईचा पाय लागला की माती बाटते आणि ती सगळी उकरून टाकून नवी केल्याशिवाय त्यात कुस्ती होत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. विटेच्या भोकामागं मी उगीच उभी राहत नव्हते. पण रागात माणसाला स्वतःचे पाय कुठं पडतात ते कळत नाही. दोघं बसलेले होते ते समजूत घातल्यावर उठले असते. पोलीस पाटील तेच बोलायला पुढं निघाला होता. संप त्यांनी केला, फड मी मोडला.

साहेबांनी विचारलं, आता सुरू होणार का? सरपंचानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब फेट्यासकट जीपमध्ये बसून गेले. मग दोन्ही गावच्या लोकांनी पैलवानांना सोडून दिलं आणि मला धरलं. मी घरात जाऊन दार लावून घेतलं. दारावर दोन चपला बसल्या. एक आमच्याच घरातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही पंच आमच्या ओसरीवर जमले, पलीकडच्या गावचेही दोघं आले. कुस्ती झाली नाही तर नांदेडवाले सांगत फिरणार की लातूर जिल्ह्यात पैलवान बसतात आणि बाया मैदानात उतरतात. म्हणून कुस्ती व्हायलाच पाहिजे होती. त्यासाठी माती नवी करायची. नव्या मातीत हळद, लिंबं, तेल, कापूर आणि घागरभर ताक लागतं. हळद-लिंबं वाणी देणार होता. अडलं ताकावर. गावची जनावरं छावणीत. दुभती म्हणाल तर तीन म्हशी, त्यातल्या दोन पारड्यापुरत्या. उरली आमची.

मामंजींनी मला आवाज दिला. मी दाराआड उभी. त्यांनी सांगितलं की आजपासून चार दिवसांचं दूध सगळं विरजायचं, घरात चहासुद्धा काळा.

मी "हाव, विरजते" एवढंच म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण माझं डोकं हिशेबी आहे. मी विचार केला, माती नवी होईल, ते दोघं येतील आणि परत बसतील. त्यांची तर एकच मागणी आहे. मग माझं ताक मातीत आणि मी माळवदावर, कुस्ती कुठंच नाही.

मी दाराआडून म्हटलं, "मामंजी, विरजते. पण आधी सोमवार कुणाचा ते ठरवा."

"तुला काय करायचं त्याचं?"

"मला कुस्ती बघायची हाय. नुसती माती बघायला म्या ताक घालत न्हाई."

एक पंच हसला. मामंजी हसले नाहीत. ते म्हणाले, नेम दारात येऊन प्यायचा आहे, पाय मोडलेला माणूस दारात कसा येणार, आणि नेम मोडला तर उद्या कुणीही घरी बसून दूध मागवेल. हे ते वर्षभर म्हणत होते आणि वर्षभर कुणी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर सोपं होतं, पण ते द्यायचं म्हणजे कुणीतरी उठायला पाहिजे होतं.

"ज्याला येता येत न्हाई त्याला म्या नेऊन देईन," मी म्हटलं.

"सून तालमीत जाणार?"

"दारापोत्तर. आत माती हाय."

आता पलीकडचे दोघंही हसले. मामंजींनी पानाची पिंक टाकली, ओठ पुसले. काल बाटलेली माती आणि आज ताक अडवून बसलेली, दोन्ही त्यांचीच सून होती, आणि हे सगळं पाहुण्यांसमोर. शेवटी म्हणाले, द्या त्याला त्याचा सोमवार. नव्या पैलवानाला निरोप गेला. तो म्हणाला की सोमवार सोडायला मी कालच बसलो होतो. सगळे महादेवाच्या देवळात गेले आणि पंचांनी हातात बेल घेऊन शब्द दिला की पैलवानाचा हात-पाय मोडला तर तो धड होईपर्यंत खुराक चालू राहील, आणि तो असेल तिथं पोचेल. पलीकडच्या दोघांनीही बेल उचलला.

चौथ्या दिवशी ताक झालं, माती झाली, दुपारी कुस्ती ठरली. मी भाकरीचं पीठ मळून ठेवून माळवदावर जायला निघाले तर शिडी जाग्यावर नाही. मामंजींनी बाया आधी वर चढवल्या आणि मग शिडी काढून ओसरीवर आडवी टाकून तिच्यावर स्वतः बसले. म्हणाले, तू खालीच बरी. वर्षभर थांबलेली बाई मी, चार दिवसांचं दूध घातलेलं, आणि मला ती कुस्ती ऐकावी लागली. चुलीपुढं बसून. हलगी सुरू झाली, चढली, एकदम टिपेला गेली. मी तव्यावर भाकरी टाकली होती. ती उलटायच्या आत हलगी थांबली आणि ओरडा झाला.

मी अंगणात पळाले. वर जाऊ उभी होती. मी खालून विचारलं, कोण पडलं?

जाऊ म्हणाली, खालचा.

मी म्हटलं, खालचा म्हणजे कोणता?

ती म्हणाली, दोघं हळदीनं आणि मातीनं सारखेच लाल झालते, मला काय कळतंय.

आमच्या पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचत नेलं तेव्हा कळलं की आम्ही जिंकलो. जिल्हा जिंकला. वेशीच्या कमानीला नवं तोरण. मी करपलेली भाकरी म्हशीला घातली.

सोमवारी लंगडा दारात आला. डोक्याला माझ्या लुगड्याचा काठ बांधलेला. नेऊन देण्याचं मी कबूल केलं होतं, पण काठीवर येता येत होतं तर तो आला. दारात उभं राहून तांब्या संपवला. मामंजी ओसरीवर होते, त्यांनी तोंड फिरवून घेतलं. "डोक्याला बांध" एवढं सोडलं तर सात वर्षांत मी त्या माणसाशी पहिल्यांदा स्वतः होऊन बोलले. विचारलं, कुस्ती कशी झाली, सगळी सांग.

त्यानं काठीनं अंगणातल्या धुळीत दोघांचे पाय काढून दाखवले. पलीकडच्यानं पट काढायला कसा हात घातला, आपल्यानं कशी ढाक लावली, दोघं एकदम कसे गेले. बाईपुढं बोलतोय हे विसरून तो एका पायावर फिरून दाखवत होता. मग थांबला आणि मामंजींकडं बघून आवाज खाली केला.

"खरं सांगू का वैनी? आपल्याचा खांदा आधी लागला. फडातल्या पंचांना दिसलं न्हाई. तुमी वर असता तर उठला असता."

मी उठते हे तुला काय माहीत, असं मी विचारलं.

"चित पडलेल्या माणसाला वर तुमचं माळवदच दिसतं की," तो म्हणाला आणि तांब्या उंबऱ्यावर पालथा घालून गेला.

म्हणजे आम्ही हरलो होतो. नवा जिल्हा पहिल्याच जत्रेत हरला होता आणि ते तिघांना माहीत होतं, पडला त्याला, लंगड्याला आणि मला. मी ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. गाव अजून त्या कुस्तीची बढाई मारतं.

चौदा महिने, म्हैस आटेपर्यंत, मी त्याला सोमवारी दूध दिलं. पावसाळ्यात, पाऊस आला त्या वर्षी, वाट चिखलाची झाली आणि त्याची काठी रुतायला लागली तेव्हा चार-पाच सोमवार मी नेऊनही दिलं, तालमीच्या दारापर्यंत. पाय सरळ झाला नाही. वाकडा जुळलेला पाय दुधानं सरळ होत नाही, पण काठी सुटली. त्यानं पुढं तालमीत पोरं तयार केली. पलीकडच्या पैलवानाचा दोन वर्षांनी खांदा निखळला तेव्हा त्याच्या गावानं त्याला घरपोच दूध दिलं. त्यांनी बेल उचलला होता, आणि आमच्यापुढं खोटं पडायचं नव्हतं.

मामंजी गेले. सरपंच गेला. आमचा नवा पैलवान लातूरला एका कचेरीच्या फाटकावर नोकरीला लागला, तिथंच साखरेच्या आजारानं गेला. पलीकडचा त्याच्याआधी गेला. तांब्याला पोचा आहे, तो आहे. त्या दिवशी फडाच्या मातीत पाय असलेले आम्ही चौघं होतो. त्यातला लंगडा जिवंत आहे आणि मी जिवंत आहे.